चिचटाकळीची दोनशेची स्पीड

आमच्या चिचटाकळी गावात इंटरनेटची स्पीड दोनशे आहे. दोनशे काय, हे विचारण्याची गावात पद्धत नाही. ती किलोत मोजायची की क्विंटलमध्ये, याबद्दल सुरुवातीला थोडे मतभेद होते. पण संस्थेच्या पहिल्याच सर्वसाधारण सभेत 'स्पीड ही स्पीडमध्येच मोजण्यात यावी' असा ठराव सर्वानुमते मंजूर झाला आणि विषय मिटला. ठरावाचं शब्दांकन माझं. मी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो असून सध्या चिचटाकळी ग्रामजाळे सहकारी संस्थेचा मानद सचिव आहे. सबब पुढील हकिगत अधिकृत समजावी.

चिचटाकळी दारव्ह्याहून आर्णीकडे जाताना लागते. खेडं म्हणावं तर मोठी आहे आणि शहर म्हणावं तर बसस्टँडला अजून शेड नाही. त्यामुळे इंटरनेटवाल्या कंपन्या यायच्या, घरं मोजायच्या, चौकात किसनसिंगच्या हॉटेलात चहा पिऊन निघून जायच्या. मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर, आणि तिथं वरच्या पायरीसाठी भांडणं व्हायची.

ही अडचण दूर केली ती दीपाने. दीपा ही आमच्या भीमराजची मुलगी. पुण्याच्या एका शिकवणी कंपनीत ती लहान मुलांना कॉम्प्युटरवरून गणित शिकवते. पुण्यात एका खोलीत चौघी मुली राहायच्या. भीमराज वारला, तिची आई इंदूबाई इकडे एकटी पडली. शिकवायचं कॉम्प्युटरवरूनच, तर मग ते चिचटाकळीत आईजवळ बसून का शिकवू नये, असा साधा हिशेब तिने केला. नेट कंपनी देत नाही ना, मग गाव मिळून आणेल. ती दारोदार फिरली. सूतगिरणी, दूध संघ आणि दोन पतसंस्था यांचा अनुभव गाठीशी असूनही लोकांनी शेअर घेतले, यावरून तिच्या बोलण्यातली ताकद कळावी.

संस्था उभी राहिली. अध्यक्षपदी बबनराव गावंडे यांची निवड झाली, कारण गावातल्या कोणत्याही संस्थेचं अध्यक्षपद रिकामं राहिलं की ते आपोआप त्यांच्याकडे जातं. तांत्रिक बाजू मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या धम्मरत्नकडे आली. हायवेवरून तार आली, खांब उभे राहिले, घराघरांत नेटची पेटी बसवायचं ठरलं. दीपा पुण्याची खोली सोडून ट्रंकेसकट घरी आली. कंपनीने तिला तात्पुरती परवानगी दिली होती.

एवढ्यावर थांबलो असतो तर आमचं नेट इतर गावांसारखंच राहिलं असतं. पण धम्मरत्नच्या डोक्यात एक कल्पना आली. तो म्हणाला, "लोकायले काहीतरी दिसलं पाह्यजे ना. निस्ती तार काय, कपडे वायवाचीबी असते." म्हणून त्याने लाल दिव्यांच्या आकड्यांची एक पाटी आणून चौकात, किसनसिंगच्या हॉटेलासमोर टांगली. त्या घटकेला संस्थेकडे किती स्पीड शिल्लक आहे, तो आकडा पाटीवर उमटायचा. उद्घाटनाच्या दिवशी कोणाच्याच घरी पेटी लागलेली नव्हती. बबनरावांनी फीत कापली, पाटी लागली आणि आकडा आला दोनशे. चौकात टाळ्या वाजल्या, त्या थांबेनात.

पुढचे काही दिवस गाव हवेत होतं. शेजारच्या बोरी अरब गावचे पाहुणे आले तर त्यांना आधी चौकात नेऊन पाटी दाखवायची, मग घरी नेऊन पाणी द्यायचं, असा शिरस्ता पडला. बबनरावांच्या मुलाच्या, रजतच्या, लग्नाच्या बैठकीत मुलीकडच्यांनी शेती किती, विहिरीला पाणी किती असं विचारलं, तेव्हा मध्यस्थाने शेवटी हळूच 'आणि स्पीड दोनशे' असं सांगितलं. मुलीकडच्यांनी तिथंच सुपारी फोडली आणि लग्न ठरलं. तीच आज बबनरावांची सून निकिता.

मग घरोघरी पेट्या लागल्या. पहिल्याच संध्याकाळी पाटीवर आकडा आला एकशे चाळीस.

चौकात माणसं गोळा झाली. बबनराव जेवण अर्धं टाकून आले. मी तातडीची सभा बोलावली. धम्मरत्नने तारा तपासल्या, पेट्या तपासल्या आणि सभेपुढे येऊन सांगितलं की तांत्रिक बिघाड काही नाही, लोक नेट वापरून राहिले आहेत. किती लोक, असं बबनरावांनी विचारलं. सारेच, असं तो म्हणाला.

धम्मरत्नने तेव्हा एक तोडगाही सुचवला होता, हे नमूद करणं माझं कर्तव्य आहे. पाटीवर शिल्लक दाखवण्याऐवजी वापर दाखवू, म्हणजे लोक जितकं वापरतील तितका आकडा वाढेल, असं तो म्हणाला. बबनरावांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"मंग सकायी लोक झोपले असन तवा पाटीवर काय दिसन?"

"शून्य," धम्मरत्न म्हणाला.

"शून्यावाल्या गावात पोरगी देईन काय कोनी?"

सभेने ठराव केला. वापरामुळे स्पीडची झीज होते आणि ही झीज रोखणं हे प्रत्येक सभासदाचं कर्तव्य आहे. यात बंदी हा शब्द कुठेही नाही. सभासदांनी फक्त अनावश्यक वापर टाळावा. अनावश्यक वापर म्हणजे कोणता, हे समिती ठरवेल. समितीला ते ठरवायला वेळ लागेल, सबब तोवर सर्वच वापर टाळावा.

आणि सांगायला आनंद वाटतो की लोकांनी तो टाळला. नेट कंपनीचं असतं तर लोकांनी ओरबाडून वापरलं असतं. पण ते आपलं होतं, आपल्या शेअरचं होतं, आणि आपली चांगली वस्तू रोज काढायची नसते हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. आमच्या लग्नात आहेर म्हणून आलेला सहा कपांचा संच अजून काचेच्या कपाटात आहे आणि सहाच्या सहा शाबूत आहेत. पेट्यांचंही तसंच झालं. निकिताने आपल्या घरच्या पेटीसाठी मोराचं नक्षीकाम असलेलं क्रोशाचं झाकण विणलं. ते पाहून बचत गटाच्या बायांनी ऑर्डरी घेतल्या. थोड्याच दिवसांत गावात एकही पेटी उघडी राहिली नाही. लोक रिचार्ज मारून पाण्याच्या टाकीवर जायचे, वरच्या पायरीसाठी भांडायचे, काय पाहायचं ते पाहायचे आणि परतताना चौकात थांबून अभिमानाने पाटीकडे बघायचे.

आकडा दोनशेवर स्थिर झाला. दोनने जरी खाली आला तरी किसनसिंग चहा गाळता गाळता थांबायचा आणि विचारायचा, "कोनाच्या घरी चालू हाय बे?" कोणाच्या ते लगेच कळायचं आणि त्या घरचा माणूस दोन दिवस चौकात यायचा नाही.

एक घर मात्र रोज चालू होतं. रोज दुपारी चार वाजले की आकडा एकशे शहाऐंशीवर उतरायचा आणि दिवेलागणीपर्यंत तिथंच राहायचा. दीपाचा वर्ग असायचा. तिला कोणी काही बोललं नाही. चिचटाकळीत तोंडावर कोणी कोणाला बोलत नाही. ती दूध घ्यायला चौकात आली की लोक आधी तिच्याकडे पाहायचे, मग पाटीकडे, आणि मग सुस्कारा सोडायचे.

शेवटी बबनराव आणि मी, आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. इंदूबाईंनी चहा आणला, तोही चांगल्या फुलाफुलांच्या कपांत. त्यातल्या एकाचा कान तुटलेला होता. वस्तू रोज वापरली की असं होतं.

"पोरी, तुह्या शिकवण्याले आमची ना नाही," बबनरावांनी सुरुवात केली. "पन चार वाजता चौक भरलेला असते."

"काकाजी, नेट कामासाठीच आनलं ना आपन."

"आनलं म्हनून वापरलंच पाह्यजे असं कोठी हाय? माह्या घरी आज्याच्या टाइमाची बंदूक हाय. चालवली काय कोनी कधी?"

दीपा हसली नाही. तिने शांतपणे आम्हाला सगळं सांगितलं. कंपनी आता ठरवणार होती की घरून शिकवणाऱ्यांपैकी कोणाला तसंच राहू द्यायचं आणि कोणाला पुण्याच्या ऑफिसात बोलवायचं. त्यासाठी तिच्या मॅडम एक दिवस तिचा वर्ग शेवटपर्यंत बघणार होत्या. वर्ग नीट पार पडला तर ती कायम चिचटाकळीत, आईजवळ. नाही तर पुन्हा पुणे. तो दिवस तिने सांगितला. पुढच्या महिन्यातला तिसरा शुक्रवार, दुपारी चार.

बबनरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. संस्थेने भाग घेतलेल्या 'आदर्श ग्रामजाळे' स्पर्धेचं तपासणी पथक त्याच शुक्रवारी येणार होतं. दुपारचं जेवण बबनरावांकडे, पाटवडीचा रस्सा. जेवण, मग आराम, आणि बरोबर चार वाजता चौकात पाटीची पाहणी.

हा पेच फार नाजूक होता. दीपाची तार काढता येत नव्हती, कारण ती संस्थेची पहिली सभासद. नोटीस देता येत नव्हती, कारण वापरावर बंदी नव्हती. कार्यकारिणीची बैठक झाली. त्यात तिच्याविरुद्ध कोणी एक अक्षर काढलं नाही. उलट ती नसती तर हे नेट आलंच नसतं, हे प्रत्येकाने उठून सांगितलं. ते ऐकता ऐकता मला मार्ग सुचला. नोकरीत मी पाहिलेलं आहे, नोटिशीने जो माणूस हलत नाही तो शाल पाहून उठतो. मी सूचना मांडली की संस्थेच्या संस्थापिका कुमारी दीपा यांचा जाहीर सत्कार करण्यात यावा. दिवस, शुक्रवार. वेळ, दुपारी चार. सूचनेला एकाच वेळी सगळ्यांनी अनुमोदन दिलं.

पत्रिका पोचली त्या संध्याकाळी दीपा माझ्याकडे आली. सत्कार पाच वाजता ठेवता येईल का, असं तिने विचारलं. मी तिला समजावलं की पत्रिका छापून झाल्या आहेत. सत्कार नकोच म्हटलं तर, असंही तिने विचारलं. मी म्हणालो की संस्थापिकाच नको म्हणाली तर पथकाला काय वाटेल, गावाला काय वाटेल, आणि उद्या आईला याच गावात राहायचं आहे. तिचे डोळे भरून आले. सत्काराच्या कल्पनेने पुष्कळांचे येतात.

शुक्रवारी बचत गटाच्या बाया बँड घेऊन तिला आणायला गेल्या. ती आली, पण काखेत लॅपटॉपची पिशवी घेऊन. तिला पथकाच्या मुख्य साहेबांशेजारी, मधल्या खुर्चीवर बसवलं. समोर पहिल्या रांगेत इंदूबाई पांढरं लुगडं नेसून बसल्या होत्या. पाटीवर दोनशे होतं. बबनरावांनी प्रास्ताविक सुरू केलं, "थेंबे थेंबे तळे साचे, तशी आम्ही ही स्पीड साचवली."

चार वाजले. दीपाने मांडीवर लॅपटॉप उघडला, समोरच्या किसनसिंगच्या हॉटेलातल्या पेटीवरून नेट घेतलं, कानाला वायर लावली आणि हळू आवाजात शिकवायला लागली. व्यासपीठावर ती भाग देणं समजावत होती. एक भाकर चौघांत वाटली तर एकाला किती, आणि आठ जणांत वाटली तर किती.

पाटी एकशे शहाण्णव झाली. मग एकशे नव्वद. मग एकशे शहाऐंशी. किसनसिंगची गाळणी हवेत थांबली. मुख्य साहेबांनी चष्मा पुसून मान वर केली.

बबनरावांचं प्रसंगावधान त्या दिवशी मी पाहिलं. त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं, ताटातली शाल उचलली, फटकारून उघडली आणि दीपाला पांघरली. खांद्यांवर नाही, डोक्यावरून, लॅपटॉपसकट. फोटो निघाले. शालीच्या आतून तिचा आवाज येत होता, "मॅडम, एक मिनिट, लाइट गेली नाही, एक मिनिट." पण गावात संस्था पुष्कळ. पतसंस्थेचा हार आला, दूध संघाचा आला, भजनी मंडळाचा आला, क्रिकेट क्लबचा आला. शेवटी मी श्रीफळ दिलं. ते तिच्या हातात द्यायचं होतं, पण हात सापडेनात, म्हणून शालीवरूनच मांडीवर ठेवलं. ते नेमकं लॅपटॉपच्या बटणांवर बसलं असावं. आतला आवाज थांबला.

पाटीवर एकशे नव्वद आलं. एकशे शहाण्णव आलं. दोनशे आलं. चौकाने जो टाळ्यांचा कडकडाट केला तो पार आर्णी रोडपर्यंत ऐकू गेला असेल.

मुख्य साहेबांनी वापरणारे किती, असं विचारलं.

"सारं गाव, साहेब," बबनराव म्हणाले.

"आणि तरी स्पीड पूर्ण?"

"शिस्त हाय साहेब गावाले."

साहेबांनी मान डोलावली. पहिला नंबर तिथंच नक्की झाला.

इंदूबाई तेवढ्या उठून व्यासपीठावर आल्या. त्यांनी लेकीच्या अंगावरचे हार एकेक करून काढले, शाल बाजूला केली. दीपाचा चेहरा घामाने आणि झेंडूच्या पाकळ्यांनी भरला होता. ती रडत नव्हती, बंद पडलेल्या लॅपटॉपकडे बघत होती. इंदूबाई बबनरावांकडे वळल्या.

"भाऊ, तान्ह्या पोयाचा बैल हाय हे तुमचं नेट. रंगवा, सजवा, बक्षीस घ्या. वखराले मात्र जुपू नका."

तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे लेकरं चाकांचे लाकडी बैल सजवून मिरवतात आणि सर्वांत सुंदर बैलाला बक्षीस मिळतं. त्यामुळे ही उपमा सभेला पसंत पडली. गौरवोद्गार म्हणून मी तशी नोंद घेतली.

पुण्याच्या मॅडमना मात्र त्या दिवशी पडद्यावर आधी शाल आणि मग अंधार दिसला. आठवड्याभरात दीपाला ऑफिसात हजर व्हायचं पत्र आलं. ती सकाळच्या एसटीने निघाली तेव्हा निरोप द्यायला अख्खी कार्यकारिणी बसस्टँडवर होती. आम्ही तिला सत्काराचा फ्रेम केलेला फोटो दिला. त्यात शाल फार छान आली आहे. गाडी सुटल्यावर इंदूबाई धुळीत तशाच उभ्या राहिल्या, आणि मला वाईट वाटलं, हे मी इथं स्पष्टपणे नमूद करतो. दुपारी चार वाजता आम्ही सगळे चौकात जमलो. आकडा हलला नाही.

तेव्हापासून गावोगावचे अभ्यासदौरे येतात. धम्मरत्नने दुरुस्तीचं काम बंद केलं आहे, आता तो फक्त पाट्या बनवतो आणि त्याला उसंत नाही. आलेले लोक पाटी कुठे मिळते ते विचारतात, किती उंच टांगायची ते विचारतात. नेटचं तुम्ही काय करता, असं अजून एकानेही विचारलेलं नाही. यावरून प्रश्न योग्य दिशेने जात आहेत असं दिसतं.

सध्या एकच अडचण आहे. अलीकडे दर रविवारी सकाळी पाटी एकशे सत्त्याण्णववर येते आणि बराच वेळ तिथंच राहते. चौकशी केली. इंदूबाईंच्या पेटीवरचं झाकण काढलेलं होतं. जाताना दीपा त्यांना मोबाइलचं बटण शिकवून गेली आहे. सुटीच्या दिवशी मायलेकी एकमेकींचं तोंड पाहून बोलतात. इकडे इंदूबाई चूल दाखवतात, कोंबडीची पिलं दाखवतात, आणि पुण्याच्या खोलीत दीपा भाजी चिरते. बबनराव स्वतः जाऊन बोलले.

"वहिनी, तुम्हीच असं करान तर लोकायनं कोनाकडे पाहावं?"

"स्पीड झिजते ना भाऊ," इंदूबाई म्हणाल्या, "झिजू द्या. माही पोरगी दिसते मले."

बबनराव घरी येऊन झोपाळ्यावर जे बसले ते उठेनात, म्हणून मीच बैठक बोलावली. बैठकीत इंदूबाईंविरुद्ध कोणी एक अक्षर काढलं नाही. त्यांच्यासारखी माता गावाला लाभली हे भाग्य, असंच सगळे म्हणाले.

तरी येत्या रविवारी सकाळी, बरोबर त्याच वेळेला, श्रीमती इंदूबाईंचा 'आदर्श माता' म्हणून चौकात जाहीर सत्कार योजला आहे. आपणही सहकुटुंब यावं. येताना मोबाइल बंद ठेवावा. आपण टाळ्या वाजवालच याची खात्री आहे, आजवर इथं कोणी हात आखडता घेतलेला नाही. चहा किसनसिंगच्या हॉटेलातून येईल, कागदी कपांत. माझ्या घरी कप आहेत चांगले, सहाच्या सहा, पण ते काचेआड आहेत. तुमच्याकडेही असतीलच, तेव्हा गैरसमज होणार नाही.